तट्टू पुढे का जात नाही?

माथेरानला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हे दृश्य हमखास दिसतं. घोड्यावर बसलेला पर्यटक दोन्ही टाचा घोड्याच्या पोटावर आपटत असतो, लगाम झटकत असतो, ‘चल, चल’ म्हणत असतो. घोडा ढिम्म. मग मागून घोडेवाला येतो, जीभ टाळूला लावून ‘टक्’ असा आवाज काढतो आणि घोडा मुकाट चालू लागतो. पर्यटकाच्या टाचांत जोर होता, घोडेवाल्याच्या आवाजात अर्थ होता. त्या घोड्याच्या पाठीवर दिवसभरात कितीतरी माणसं बसतात, प्रत्येकाचे पाय वेगळे हलतात आणि त्या हलण्यातून घोड्याला काहीच समजत नाही. घोडेवाल्याचा आवाज मात्र रोज, प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगतो.

रायडिंग स्कूलमधल्या तट्टांचं असंच होतं. १४८ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या घोड्याला स्पर्धांच्या नियमांत पोनी, म्हणजे आपलं तट्टू, धरतात. मुलं घोडेस्वारी शिकतात ती बहुधा अशाच तट्टांवर. अनेक मुलांच्या हाताखालून गेलेलं तट्टू हळूहळू पाय ओढत चालू लागतं, कोपऱ्यात थांबतं, फाटकाशी अडून बसतं. मग त्याच्यावर ‘आळशी’ असा शिक्का बसतो आणि मुलाला सांगितलं जातं, ‘टाच जोरात मार’.

आळस हे निदान नाही. तट्टू पुढे जात नसेल तर त्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असतं. त्याला पुढे जाता येत नसतं, पुढे जा म्हणजे काय ते कळत नसतं किंवा पुढे जाऊन त्याच्या पदरात काहीच पडत नसतं. ही कारणं याच क्रमाने तपासायला हवीत. पहिल्याचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याकडे वळणं हा त्या जनावरावर अन्याय आहे.

आधी दुखणं तपासा

ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वार पाठीवर असताना घोडा वेदना कशी दाखवतो याचा बारकाईने अभ्यास केला आणि २०१८ साली २४ वर्तनांची एक यादी मांडली. कान बराच वेळ मागे टाकलेले राहणं, तोंड उघडं ठेवणं, शेपटी सतत फटकारणं, नजर एकटक ताठरणं अशा खुणा त्या यादीत आहेत. यांतल्या आठ किंवा त्याहून अधिक खुणा दिसल्या तर हाडं, स्नायू किंवा सांधे दुखत असण्याची शक्यता मोठी असते. टाच मारल्याशिवाय पुढे न जाणं आणि मध्येच आपणहून थांबणं हीसुद्धा याच यादीतली एक खूण आहे. ज्याला आपण हट्ट म्हणतो, त्याला वैद्यकात वेदनेचं लक्षण म्हणून जागा आहे.

तपासणी तोंडापासून सुरू करावी. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि तो वैरण आडवी रगडून खातो. त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होत जातात. गाल आणि जीभ त्यांवर घासून सोलवटते. अशा तोंडात लगाम ताणला गेला की पुढे जाण्यापेक्षा थांबणं बरं, असं तट्टाला वाटलं तर नवल नाही. वर्षातून निदान एकदा पशुवैद्याकडून दाढा तपासून, लागल्यास कानशीने घासून घ्याव्या लागतात.

मग खोगीर. ते अरुंद असेल तर खांद्याच्या फऱ्यामागे चिमटा बसतो आणि पुढचा पाय मोकळा पडत नाही. ते लांब असेल तर शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या नाजूक भागावर भार येतो. तट्टांची पाठ आखूड आणि पोटाचं पिंप गोल असल्यामुळे मोठ्या घोड्याचं खोगीर त्यांना क्वचितच नीट बसतं. रपेट संपल्यावर खोगीर काढून घामाचा ठसा बघावा. सगळीकडे ओल असताना एखादाच ठिपका कोरडा राहिला असेल, तर तिथे दाब फार पडतो आहे असं समजून पाठीवरून बोटं दाबत न्यावीत. तट्टू पाठ खाली झुकवतं का, कातडी थरथरते का, हे हाताला लगेच कळतं.

वजनाचाही हिशेब करायला हवा. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून काम करवून घेतलं गेलं. २५ टक्क्यांपासून पुढे नाडीचे ठोके आणि स्नायूंचा दुखरेपणा स्पष्ट वाढला. म्हणून खोगिरासकट वीस टक्क्यांच्या आत राहावं असा सल्ला देतात. २५० किलोच्या तट्टासाठी ही मर्यादा ५० किलो होते. भरल्या अंगाचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि खोगीर मिळून ती सहज ओलांडतात.

खुरांकडे तट्टांच्या बाबतीत विशेष लक्ष द्यावं लागतं. थोडक्या गवतावर जगणाऱ्या पूर्वजांचं शरीर त्यांना मिळालेलं असतं. त्यांना भरपूर धान्य आणि कोवळं गोड गवत मिळालं की रक्तातल्या इन्शुलिनचं गणित बिघडतं आणि खुराच्या आत हाडाला धरून ठेवणाऱ्या थरांना सूज येते. असं तट्टू खडीवर जपून पाय टाकतं, वळताना अवघडतं, पुढचे पाय पुढे काढून भार मागे टाकतं. खुराला हात लावला तर तो गरम लागतो. अशा तट्टाला फिरवणं ताबडतोब थांबवून पशुवैद्याला बोलवावं.

शेवटी पोट. घोड्याच्या जठरात चोवीस तास आम्ल पाझरत असतं, कारण निसर्गाने त्याला दिवसभर चरण्यासाठी घडवलं आहे. आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. तासन् तास रिकाम्या पोटी उभ्या राहिलेल्या घोड्याला दुडक्या चालीला लावलं की हे आम्ल उसळून जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागाला लागतं आणि तिथे व्रण पडतात. तंग आवळताना चावायला येणारं तट्टू बहुधा हेच सांगत असतं. कामाआधी थोडं सुकं गवत किंवा लसूणघास खायला दिला तर तो पोटात थर धरून राहतो आणि आम्लाची उसळी अडते.

त्वचेला कळतं, मग टाच का कळत नाही?

दुखणं नाही अशी खात्री झाली की दुसरा प्रश्न येतो. याला पुढे जा म्हणजे काय ते कळतं का? ‘याची कातडी निबर झाली आहे’ असं अशा वेळी सर्रास बोललं जातं. पण तेच तट्टू पोटावर माशी बसली तर नेमकी तेवढीच जागा थरथरवून तिला उडवतं. २०२० साली सिडनी विद्यापीठाच्या पॉल मॅकग्रीव्ही यांच्यासह संशोधकांच्या एका गटाने घोड्याच्या आणि माणसाच्या त्वचेची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली. वरच्या थरातल्या, वेदना जाणवणाऱ्या चेतातंतूंच्या दाटीत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. मार आपल्याला लागतो तितकाच घोड्यालाही लागू शकतो, एवढं त्यावरून समजावं.

घोड्याची नजरही तितकीच तीक्ष्ण असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवण्यासाठी गाजला होता. विचारलेल्या बेरजेचं उत्तर तो खुराने ठोके देऊन सांगायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी त्याच्या चाचण्या घेतल्या आणि १९०७ साली निष्कर्ष मांडला. प्रश्न विचारणारा माणूस खुराकडे बघायला किंचित वाकला की हान्स ठोके सुरू करायचा आणि बरोबर आकडा आला की त्या माणसाचं डोकं नकळत जरासं वर व्हायचं, तिथे हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा तो माणूस हान्सला दिसत नसला, तर उत्तरं चुकायची. आजूबाजूच्या माणसांना न दिसणारी हालचाल त्या घोड्याने टिपली होती.

इतक्या संवेदनशील प्राण्याला टाच कळेनाशी होते ती शिकवणीमुळे. ज्या गोष्टीचा परिणाम काहीच होत नाही तिच्याकडे दुर्लक्ष करायला प्रत्येक प्राणी शिकतो. घोडा तर त्यात तरबेज असतो, नाहीतर रानात वाऱ्याने हलणाऱ्या प्रत्येक पानाला तो दचकत बसला असता. नवशिका स्वार प्रत्येक पावलाला टाच मारतो. तट्टू चालत असतं तरी टाच, थांबलं तरी टाच, वेग वाढवला तरी टाच. मग टाच म्हणजे पाठीवर माणूस बसला की पोटावर होणारी नेहमीची खडखड, एवढाच अर्थ त्याच्यापाशी उरतो.

घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. पायाचा दाब आला, त्याने पाऊल पुढे टाकलं आणि त्याच क्षणी दाब गेला, तर पाऊल टाकणं हे त्या दाबाचं उत्तर आहे हे त्याच्या लक्षात राहतं. पाऊल टाकूनही दाब चालूच राहिला तर उत्तर चुकलं असं त्याला वाटतं आणि तो दुसरं उत्तर शोधतो. तो थांबून बघतो, शेपटी फटकारतो, मागचा भाग उडवतो. यांतल्या एखाद्या वेळी घाबरून स्वाराने पाय सैल सोडला की नेमकं तेच उत्तर पक्कं होतं. अडायला आणि लाथा झाडायला आपण शिकवतो ते असं.

बसणाऱ्याचं शरीर काय सांगतं

पुढे जा म्हणणारा पाय आणि थांब म्हणणारा हात एकाच वेळी काम करत असतील तर तट्टाने कुणाचं ऐकावं? नवशिक्या स्वाराचा तोल जरा गेला की तो लगामाला लटकतो. त्याला ते जाणवतही नाही, पण तट्टाच्या तोंडात ते जाणवतं. घाबरलेला मुलगा पुढे वाकतो, गुडघे आवळतो, श्वास रोखतो. आवळलेला गुडघा खांद्यांची हालचाल अडवतो आणि पुढे आलेला भार तट्टाच्या पुढच्या पायांवर पडतो.

म्हणून तट्टू सुधारण्याआधी स्वार सुधारावा लागतो. मुलाला लगाम न देता प्रशिक्षकाने तट्टाला लांब दोरीवर गोल फिरवावं. मुलाने हात कमरेवर ठेवावेत, नजर दोन कानांच्या मधून समोर ठेवावी आणि पाठीची लय अंगात भिनू द्यावी. वॉकमध्ये, म्हणजे कदम चालीत, चार पाय वेगवेगळे पडतात आणि प्रत्येक पावलाबरोबर पिंप डावी-उजवीकडे झुलतं. डावा मागचा पाय पुढे येतो तेव्हा पोट उजवीकडे सरकतं आणि स्वाराचा डावा पाय आपसूक आत पडतो. पायाचा इशारा द्यायची नेमकी वेळ हीच, कारण तो मागचा पाय तेव्हा हवेत असतो आणि लांब टाकता येतो. पाय जमिनीवर रोवलेला असताना दिलेला इशारा त्याला पाळताच येत नाही. डोळे मिटून ‘आत, आत, आत’ असं मोजता येऊ लागलं की मुलाची टाच निम्मी शांत होते.

एक इशारा, एक उत्तर

आता तट्टाला टाचेचा अर्थ नव्याने शिकवायचा. सुरुवात जमिनीवरून करावी. मोहरकी धरून बाजूला उभं राहावं, ‘चल’ म्हणावं आणि मग दोरी पुढे ओढावी. पाऊल पडताच दोरी सैल सोडावी. शब्द आधी, दाब नंतर हा क्रम कधीच मोडू नये. थोड्याच दिवसांत दोरी ताणण्याआधीच पाऊल पडू लागतं. आता त्या आवाजाला अर्थ आलेला असतो आणि पाठीवर बसल्यावर तो कामी येतो.

पाठीवर बसून तट्टू उभं असताना आधी हात पुढे करून लगाम सैल सोडावा. मग दोन्ही पोटऱ्यांचा दाब द्यावा, भिजवलेल्या कणकेवर बोट उमटेल इतकाच. एक-दोन मोजावं. उत्तर आलं नाही तर ‘चल’ म्हणावं आणि पायाच्या मागे छडीच्या टोकाने हलक्या, भराभर टिचक्या सुरू कराव्यात. या टिचक्या दुखवणाऱ्या नसाव्यात, पण मध्ये खंड पडू देऊ नये, कारण थांबलेली टिचकी म्हणजे ‘उभं राहिलंस ते बरोबर’ असा निरोप असतो. गरज पडली तर त्या अधिक भरभर द्याव्यात. पहिलं पाऊल उचललं की सगळं एकदम थांबवावं. छडी शांत, पोटऱ्या सैल, हात मोकळा, तोंडाने ‘शाब्बास’. त्याला दहा-बारा पावलं चालू द्यावं आणि तेवढ्यात पाय मुळीच हलवू नये. मग थांबवून पुन्हा तेच करावं, आणि पुन्हा सुरुवात त्या हलक्या दाबापासूनच करावी.

इथे दोन ठिकाणी माणसं चुकतात. पहिली चूक म्हणजे उत्तर येत नाही म्हणून पायच अधिकाधिक जोरात आपटत राहणं. त्यामुळे ‘जोरात आपटेपर्यंत थांबायचं’ हेच तट्टू शिकतं. हलका पाय हा प्रश्न राहिला पाहिजे आणि छडीची टिचकी ही त्या प्रश्नाची आठवण. दुसरी चूक अधिक महागात पडते. टिचकीने दचकून तट्टू एकदम दुडक्या चालीने सुटतं, स्वार घाबरून लगाम खेचतो आणि पुढे जाण्याची शिक्षा तोंडाला मिळते. अशा वेळी त्याला काही पावलं जाऊ द्यावं, शाब्बासकी द्यावी आणि नंतर सावकाश खाली आणावं. जास्त उत्तर मिळालं तर ते पुढच्या वेळी कमी करता येतं, पण उत्तर देण्याची तयारीच मेली तर ती परत आणायला फार वेळ लागतो.

चालू लागलेल्या तट्टाला चालत ठेवणं हे त्याचं स्वतःचं काम आहे. सांगेपर्यंत त्याच चालीत राहायचं, ही जबाबदारी त्याला शिकवायची. ते मंदावलं की पुन्हा एक हलका दाब, उत्तर आलं की पुन्हा शांत पाय. हा धडा थोड्याच वेळाचा ठेवावा आणि चांगलं उत्तर मिळालं की तिथेच संपवावा.

घोडा का अडला?

भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली या जुन्या कोड्याचं उत्तर आपल्याला तोंडपाठ असतं: न फिरवल्यामुळे. घोड्याच्या बाबतीत त्यात अनुभवाचं शहाणपण आहे. तबेल्यात तासन् तास बांधलेल्या तट्टाचे स्नायू कमकुवत होतात, दम टिकत नाही आणि ज्याच्या अंगात दम नाही त्याला उत्साह कुठून येणार? आठवडाभर उभं ठेवून रविवारी तासभर पळवणं त्याला जड जातं. रोजची लांब, सावकाश पायपीट, हळूहळू वाढवलेली दुडकी चाल आणि मग उतार-चढाव, या क्रमाने दम भरतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम भल्या सकाळी उरकावं.

फिरवण्याची जागाही बदलती हवी. वीस बाय चाळीस मीटरच्या चौकोनात रोज त्याच दिशेने त्याच फेऱ्या मारणाऱ्या तट्टाला पुढे जाऊन नवं काही दिसत नाही. तेच तट्टू मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या घोड्याच्या मागे, कान टवकारून चालतं. म्हणून टाचेचा धडा निम्मा बाहेरच द्यावा. आत असताना जमिनीवर बांबू मांडून त्यांवरून न्यावं, दिशा वारंवार बदलावी, वॉकमधून ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, आणि पुन्हा वॉकमध्ये अशी अदलाबदल करत राहावी.

फाटकाचा प्रश्न प्रत्येक शाळेत असतो. फाटकाकडे जाताना तट्टू भरभर चालतं, फाटकापासून दूर जाताना पाय ओढतं. विश्रांती फाटकाशी मिळते, स्वार तिथेच उतरतो, तिथूनच तबेल्यात परतायचं असतं. त्याचा हिशेब अगदी बरोबर आहे, म्हणून आपण हिशेबच बदलावा. वर्तुळं, वळणं, मेहनतीची कामं फाटकाजवळ करावीत. लगाम सैल सोडून विसावा द्यायचा तो लांबच्या टोकाला. उतरायचंही तिथेच, तंगही तिथेच सैल करायचा. काही दिवसांतच तट्टू त्या टोकाकडे आपणहून चालू लागतं.

कधी थांबण्यामागे भीती असते आणि ती वेगळी ओळखू येते. कंटाळलेलं तट्टू मान खाली टाकून थांबतं, घाबरलेलं मान वर करून, कान रोखून, नाकपुड्या फुगवून. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून नीट दिसतो तो समोरचा अरुंद पट्टाच. त्याला मान वळवून बघायला वेळ द्यावा. मान खाली आली, श्वास सुटला की मग पुढचं पाऊल मागावं. भीतीने थांबलेल्याला मारलं तर त्या जागेची भीती आणि मार त्याच्या मनात एकत्र जोडले जातात.

पुढे गेल्याचा मोबदला

दाब सुटणं हा मोबदला आहेच, पण तो पुरेसा नाही. मानेवर जोरात थापटण्याची आपल्याला सवय असते. त्यापेक्षा मानेच्या मुळाशी, आयाळ संपते त्या उंचवट्यावर बोटांनी खाजवलेलं घोड्याला अधिक आवडतं. दोन घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बहुधा याच भागात. क्लोदिया फे आणि जान द माझिएर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या जागी खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावल्याचं दिसलं. चांगलं पाऊल पडताच एक हात पुढे नेऊन तिथे खाजवायला मुलाला शिकवावं. हात पुढे गेला की लगामही सैल होतो, हा त्यातला दुसरा फायदा.

शाळेतल्या तट्टाच्या पाठीवर आठवड्यात अनेक मुलं बसतात, म्हणून हे नियम सगळ्यांनी सारखेच पाळायला हवेत. प्रशिक्षकाने प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकवाव्यात: प्रश्न हलका विचारायचा आणि उत्तर आलं की पाय शांत ठेवायचा. आठवड्यातून एक-दोनदा जाणत्या स्वाराने त्या तट्टावर बसून हा धडा ताजा करावा.

प्रगती मोजायला सोपी खूण आहे. वाळू सारखी करून तट्टाला तिच्यावरून वॉकमध्ये न्यावं आणि खुरांचे ठसे बघावेत. मागच्या खुराचा ठसा पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडत असेल, तर ते खरोखर पुढे चाललं आहे. मागचा ठसा मागेच राहत असेल, तर वेग कितीही वाढवला तरी पुढे जाण्याची ओढ आलेली नाही. दर आठवड्याला ते अंतर बघत जावं आणि त्याबरोबर दुसरी नोंदही ठेवावी: पहिल्या पावलासाठी पायाचा दाब किती लागला. ठसा पुढे सरकत असेल आणि दाब कमी होत असेल, तर शिकवणी योग्य मार्गावर आहे. तसं होत नसेल तर पुन्हा पहिल्या प्रश्नापासून, दात, खोगीर, खूर आणि पोट इथून सुरुवात करावी. मुलांची भीती, त्यांचा डळमळता तोल आणि त्यांच्या चुका हे जनावर रोज पाठीवर वाहतं. त्याचं नीट ऐकून घेणं हे शिकवणाऱ्या माणसाचं कर्तव्य आहे.